पाणी आणि रक्त

नोकरीला वर्षही झालं नव्हतं. आयसीयूत रात्रपाळी होती. एका आजोबांच्या छातीतलं पाणी डॉक्टरांनी काढलं आणि मी बाटल्यांवर नावं घालून ते लॅबला पाठवलं. सकाळी राउंडला मॅडमनी रिपोर्ट पाहिला. पाण्यातलं प्रोटीन ३.२. "सिस्टर, रक्त कुठाय?"

रक्त मी पाठवलंच नव्हतं! ओरडा खाल्ला. पण पाण्याच्या रिपोर्टला रक्त कशाला, हे कळलं ते नंतर, थोडा इतिहास वाचल्यावर.

छातीत साचलेलं पाहून रोग ओळखायची धडपड फार जुनी. हिप्पोक्रेटसच्या परंपरेतल्या ग्रंथांत पू पांढरा, स्वच्छ असेल तर रोगी वाचेल, गढूळ, घाण वासाचा असेल तर नाही, असे आडाखे आहेत. पुढे १८५० मध्ये अमेरिकेत वायमन आणि बॉडिच या डॉक्टरांनी सुई आणि पंप वापरून पाणी काढायला सुरुवात केली. विसाव्या शतकात आकडे आले. प्रोटीन ३ च्या खाली असेल तर ट्रान्स्युडेट, म्हणजे दोष बहुधा हृदय, लिव्हर किंवा किडनीचा. वर गेलं तर एक्स्युडेट, म्हणजे न्यूमोनिया, टीबी, कॅन्सर.

सोपं होतं, पण चुकायचं. रोग्याच्या रक्तातच प्रोटीन कमी असेल तर पाण्यात तरी कुठून येणार?

१९७२ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या रिचर्ड लाइट आणि सहकाऱ्यांनी १५० रोग्यांचं पाणी तपासून नियम मांडले. पाण्यातलं प्रोटीन रक्तातल्याच्या निम्म्याहून जास्त, एलडीएच रक्तातल्याच्या ०.६ पटीहून जास्त, किंवा पाण्यातलं एलडीएच २०० च्या वर (पुढे हा आकडा रक्तातल्या नॉर्मल मर्यादेच्या दोन तृतीयांश असा झाला). यातलं एक जरी लागू पडलं तरी एक्स्युडेट. गंमत म्हणजे तीनपैकी दोन नियम रक्ताशिवाय लावताच येत नाहीत.

तर आमचे आजोबा. रक्त गेलं, प्रोटीन ५.८ आलं. ३.२ भागिले ५.८, म्हणजे ०.५५. एक्स्युडेट! आपल्याकडे एक्स्युडेट म्हटलं की पहिला संशय टीबीचा. औषधं सुरू करायची चर्चाही झाली. मॅडमनी मात्र ड्रग चार्ट मागितला. आजोबांचं हृदय कमजोर, आठवडाभर लॅसिक्स चालू. लघवीवाटे पाणी उतरलं की छातीतलं उरलेलं घट्ट होतं आणि लाइटचे नियम फसू शकतात. अशा वेळी रक्तातल्या अल्ब्युमिनमधून पाण्यातलं वजा करायचं. फरक १.२ च्या वर असेल तर ते बहुधा ट्रान्स्युडेटच. आजोबांचा १.५ आला. टीबीची औषधं टळली.

चार्ट मीच लिहिला होता. त्यातली लॅसिक्सची नोंद राहिली असती तर?

असो. आता नव्या मुलींना एवढंच सांगते, की पाणी काढायचा ट्रे लावताना रक्ताचा बल्ब आधी ठेवा.