स्पोडच्या निळ्या थाळ्यांवरील हिंदी शिकारचित्रें

जुन्या संग्रहांत आढळणारीं, पांढऱ्या अंगावर निळीं चित्रें छापलेलीं इंग्रजी मातीचीं भांडीं केवळ शोभेचीं म्हणून संशोधक बहुधा बाजूस सारतात. आमच्या मतें पोथीस लावावयाच्या कसोट्या येथेंही लागू पडतात.

उदाहरणार्थ, स्टोक येथील स्पोडच्या कारखान्यांत इ. स. १८१५ च्या सुमारास निघालेला हिंदी शिकारींचा संच घेऊं. त्यांतील प्रसंग कुंभाराच्या कल्पनेंतले नव्हेत. बंगालच्या फौजेंतील कॅप्टन थॉमस विल्यमसन याच्या रेखाटनांवरून सॅम्युअल हाउइट यानें चित्रें केलीं व एडवर्ड ऑर्म यानें तीं ४० रंगीत चित्रें १८०५ ते १८०७ या काळांत लंडनांत प्रसिद्ध केलीं. हाउइट स्वतः हिंदुस्थानांत कधींच आला नव्हता. तेव्हां विल्यमसनचें रेखाटन, हाउइटचें चित्र, ऑर्मचा ठसा व कारखान्याचा ठसा असा क्रम लागतो; थाळी ही चौथी प्रत होय. काठावरील पशु तर निरनिराळ्या चित्रांतून उचलून एकत्र जुळविलेले आहेत. पोथीच्या भाषेंत त्यांस प्रक्षेप म्हणावें लागेल. म्हणून हिंदी रीतिरिवाजांस या थाळ्यांचा स्वतंत्र पुरावा धरतां येत नाहीं. तो मूळ ग्रंथांतच शोधावा.

छापण्याची रीत अशी. तांब्याच्या कोरीव पत्र्यांत तेलांत खललेला कोबाल्टचा रंग भरून तो पातळ कागदावर उठवीत. कागद भाजलेल्या भांड्यावर चोळून पाण्यानें धुऊन काढीत. मग भट्टींत तेल जाळून, वर झिलई चढवून पुन्हां भाजीत. काठाच्या कागदाचे तुकडे जेथें जुळवीत तेथें सांधा बारकाईनें पाहतां दिसतो.

पत्रे टिकाऊ असल्यामुळें तेंच चित्र पुढेंही छापतां येई. यास्तव चित्रावरून केवळ वरची मर्यादा, म्हणजे १८०५, ठरते. खालच्या मर्यादेस पाठीवरील खूण हवी. कारखाना १८३३ मध्यें कोपलंड व गॅरेट यांजकडे गेला. त्यांचें नांव असलेली थाळी त्यापूर्वीची असूं शकत नाहीं. पाठीवर प्रसंगाचें नांवही छापलेलें असतें. त्यांपैकीं एकांत ‘डूरिया’ हा कुत्रीं सांभाळणाऱ्या चाकराचा देशी शब्द रोमन अक्षरांत आला आहे. शब्दसंग्राहकांनीं तो टिपून ठेवण्याजोगा आहे.

आमची संग्राहकांस विनंति इतकीच कीं, थाळी भिंतीवर कायमची जडवूं नये. पुष्पिका न वाचतां पोथीचा काल ठरवूं नये, तद्वत् पाठ न पाहतां थाळीचाही ठरवूं नये.