ओस्त्रावातली निम्मी रोमा मुलं 'विशेष शाळे'त का होती? युरोपातल्या शाळांची ही लढाई काय आहे?

युरोपातल्या एका औद्योगिक शहरातली आकडेवारी पाहा. 1999 मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावा शहरात बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी 'विशेष शाळा' होत्या. शहरातली 50.3 टक्के रोमा मुलं या शाळांमध्ये शिकत होती. रोमा नसलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण होतं फक्त 1.8 टक्के.

म्हणजे रोमा मूल या शाळेत जाण्याची शक्यता इतरांपेक्षा 27 पटींहून जास्त होती. एका समाजातल्या निम्म्या मुलांची बुद्धी कमी कशी असेल? हाच प्रश्न पुढे युरोपच्या सर्वात मोठ्या मानवी हक्क न्यायालयात गेला.

रोमा कोण आहेत?

युरोपात 1 कोटी ते 1 कोटी 20 लाख रोमा राहतात. त्यांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले, असं भाषा आणि जनुकांच्या अभ्यासातून दिसतं. त्यांच्या रोमानी भाषेत पाण्याला 'पानी' म्हणतात, कानाला 'कान' आणि काळ्याला 'कालो'. मराठी माणसाला हे शब्द परके वाटणार नाहीत.

युरोपात मात्र त्यांना शतकानुशतकं परकंच मानलं गेलं. नाझी राजवटीत लाखो रोमांची हत्या झाली. आजही अनेक रोमा कुटुंबं शहराबाहेरच्या वेगळ्या वस्त्यांमध्ये राहतात.

मुलं विशेष शाळेत पोहोचायची कशी?

शाळेत घालण्याआधी किंवा पहिल्या एक-दोन वर्षांत मुलांची मानसशास्त्रीय चाचणी व्हायची. पण चाचणीतली भाषा, चित्रं आणि प्रश्न बहुसंख्याक चेक मुलांच्या घरातल्या जगाशी जुळणारे होते. घरी रोमानी किंवा वेगळ्या धाटणीची चेक बोलणारं, बालवाडी न पाहिलेलं मूल तिथे अडखळायचं. ते अडखळणं म्हणजे 'कमी बुद्धी' असा शिक्का बसायचा.

विशेष शाळेतला अभ्यासक्रम सोपा असायचा. त्यामुळे काही वर्षांत मूल खरोखरच मागे पडायचं. परत नेहमीच्या शाळेत जाणं फार अवघड होतं आणि पुढे चांगल्या माध्यमिक शाळेचं दारही बंद व्हायचं.

न्यायालयाने काय म्हटलं?

ओस्त्रावातल्या 18 रोमा मुलांच्या वतीने खटला दाखल झाला. आधी देशाच्या घटनात्मक न्यायालयाने तक्रार फेटाळली. 2006 मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयातही ते हरले. अखेर 13 नोव्हेंबर 2007 रोजी याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने 13 विरुद्ध 4 मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला.

निकालातले दोन मुद्दे महत्त्वाचे आहेत:

- हेतू सिद्ध करायची गरज नाही. नियम सगळ्यांना सारखा असला, तरी त्याचा फटका एकाच समाजाला बसत असेल तर तोही भेदभावच. त्यासाठी आकडेवारी पुरावा ठरू शकते.
- पालकांची सही पुरेशी नाही. सरकारचं म्हणणं होतं की पालकांनीच संमती दिली. पण त्यांना परिणामांची पुरेशी माहिती नव्हती. शिवाय भेदभाव न होण्याचा मुलाचा हक्क सही करून सोडून देता येत नाही, असं न्यायालयाने बजावलं.

प्रत्येक मुलाला 4,000 युरोंची भरपाई मिळाली. पुढे ग्रीस (2008), क्रोएशिया (2010) आणि हंगेरी (2013) यांच्याविरुद्धही रोमा मुलांच्या बाजूने निकाल लागले.

मग प्रश्न सुटला का?

नाही. चेक सरकारने 2005 मध्येच कायदा बदलून 'विशेष शाळा' हे नाव काढून टाकलं होतं. पण पाटी बदलली, वर्गातली मुलं तीच राहिली. मोठा बदल यायला 2016 उजाडलं. त्या वर्षापासून मदतीची गरज असलेल्या मुलाला नेहमीच्या वर्गातच शिक्षक-सहायक आणि इतर आधार देण्याची कायदेशीर तरतूद झाली. 2017 पासून शाळेआधीचं एक वर्ष सक्तीचं झालं.

वेगळं पाडण्याचा दुसरा मार्ग मात्र सुरूच आहे. एखाद्या शाळेत रोमा मुलं वाढली की इतर पालक आपली मुलं तिथून काढतात आणि ती 'रोमांची शाळा' बनते. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेच्या 2021 च्या पाहणीत 52 टक्के रोमा मुलं अशा शाळांमध्ये होती, जिथे सगळे किंवा बहुतेक विद्यार्थी रोमा आहेत. 2016 मध्ये हे प्रमाण 44 टक्के होतं. 18 ते 24 वयोगटातल्या 71 टक्के रोमांनी शिक्षण लवकर सोडलेलं होतं.

काय केल्याने फरक पडतो?

बल्गेरियातल्या विदिन शहरात 2000 साली एका रोमा संघटनेने साधा उपाय केला. वस्तीतल्या मुलांना बसने शहरातल्या मिश्र शाळांमध्ये न्यायला सुरुवात केली. सोबत देखरेखीला माणसं दिली आणि मागे पडणाऱ्यांसाठी जादा शिकवणी ठेवली. हा प्रयोग नंतर देशातल्या इतर शहरांतही झाला. रोमानियात रोमा विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांत राखीव जागा आहेत आणि शाळेत रोमानी भाषा शिकण्याची सोयही आहे.

या सगळ्यांतलं सूत्र एकच आहे: मूल त्याच वर्गात बसलं पाहिजे आणि तिथे टिकायला त्याला मदत मिळाली पाहिजे. फक्त एकाच वर्गात बसवलं आणि मदत दिली नाही, तर मूल शाळा सोडतं. मदतीच्या नावाखाली वेगळं बसवलं, तर ओस्त्रावा होतं.

शाळांमधलं हे वेगळेपण 2030 पर्यंत निम्म्याने कमी करायचं, असं युरोपीय संघाचं उद्दिष्ट आहे. ज्यांच्या नावाने खटला चालला ती 18 मुलं मात्र आता तिशी ओलांडलेली माणसं आहेत. निकाल आला, तोवर त्यांचं शाळेचं वय निघून गेलं होतं.