चर्चची 'मंडळी' वर्षाची ध्येयं कशी ठरवते? वर्ध्याच्या निमित्ताने समजून घेऊया

मंडळी, हा शब्द आपण पोस्टच्या सुरुवातीला 'लोकहो' या अर्थाने सहज लिहितो. मराठी ख्रिस्ती घरात मात्र 'आमची मंडळी' म्हटलं की एका चर्चमध्ये नियमित उपासनेला जमणारा समुदाय असा अर्थ होतो. चर्चची इमारत वेगळी आणि मंडळी वेगळी.

या मंडळीला दरवर्षी दोन प्रश्नांची उत्तरं शोधावी लागतात. आपले सभासद कामात भाग कसा घेतील? आणि चर्चच्या भिंतीबाहेरच्या लोकांपर्यंत आपण कसं पोहोचायचं? या दुसऱ्या कामाला 'आउटरीच' म्हणतात. त्याबद्दल बाहेर बरेच गैरसमज असतात, आणि कधी कधी चर्चच्या आतही गोंधळ असतो.

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार होती, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. त्यातही मोठा भाग मुंबई, ठाणे, वसई, पुणे या पट्ट्यात आहे. सुमारे १३ लाख लोकसंख्येच्या वर्धा जिल्ह्यात हा समाज अगदीच छोटा आहे. एवढ्या छोट्या समाजाने 'लोकांपर्यंत पोहोचायचं' असं ठरवलं की शेजाऱ्यांचे कान टवकारतात. त्यामुळे इथे चांगल्या आराखड्याची एक साधी कसोटी लावता येते: तो शेजाऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवता येतो का?

ठरवतं कोण?

विदर्भात प्रोटेस्टंट कामाची सुरुवात स्कॉटलंडच्या मिशनने केली. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. शाळा काढणं हे त्यांचं मुख्य काम. शिवाय ते भूगर्भशास्त्राचे अभ्यासक होते. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळं पाहून बोरीकडे परतताना नाल्याच्या पुरात त्यांचा मृत्यू झाला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज १८८३ पासून त्यांच्या नावाने उभं आहे. त्या काळात शाळा कुठे काढायची, दवाखाना कुठे उघडायचा, हे बहुतेक मिशनरी आणि त्यांना पैसा पाठवणारी परदेशी मंडळं ठरवत.

हे चित्र विसाव्या शतकात बदललं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरमध्ये सहा वेगवेगळ्या प्रोटेस्टंट परंपरा एकत्र आल्या आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' म्हणजे सीएनआयची स्थापना झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, ब्रदरन अशा परंपरांची मंडळं त्यात होती. भारतीय चर्चच्या इतिहासातली ही मोठी घटना वर्ध्यापासून जेमतेम ७५ किलोमीटरवर घडली.

सीएनआयची रचना तीन पायऱ्यांची आहे. सगळ्यात खाली 'पास्टरेट', म्हणजे एक किंवा काही मंडळ्या मिळून झालेला गट. त्याच्या वर धर्मप्रांत, ज्याचे प्रमुख बिशप असतात. सगळ्यात वर देशपातळीवरचा सिनड. पास्टरेटचा कारभार पाळक आणि सभासदांनी निवडून दिलेली समिती मिळून पाहतात. चिटणीस, खजिनदार हे सामान्य सभासदांतूनच येतात.

कॅथलिक चर्चची पद्धत वेगळी आहे. वर्धा जिल्हा चंद्रपूर आणि गडचिरोलीसोबत सिरो-मलबार परंपरेच्या चांदा धर्मप्रांतात येतो. कॅथलिक पॅरिशमध्येही सभासदांची परिषद असते. ती चर्चा करते, सल्ला देते. शेवटचा शब्द धर्मगुरूंचा असतो.

म्हणजे 'चर्चने ठरवलं' असं आपण म्हणतो तेव्हा कुठे निवडून आलेल्या समितीने ठरवलेलं असतं, तर कुठे सल्ला ऐकून धर्मगुरूंनी.

आधी घरचं: सभासदांचा सहभाग

कोणत्याही लहान मंडळीचं दुखणं बहुधा सारखंच असतं. चार-पाच माणसं सगळं करतात आणि बाकीचे रविवारी येऊन जातात. वाद्य वाजवणाराच हिशेब लिहितो, आणि नाताळचा मांडवही तोच बांधतो. तो नोकरीसाठी पुण्याला गेला की तिन्ही कामं एकाच दिवशी थांबतात.

त्यामुळे नियोजनाची सुरुवात सभासदांच्या यादीपासून होते. यादीत नाव असणं वेगळं आणि माणूस येणं वेगळं. कोण शहर सोडून गेलं, कोण आजारपणामुळे घरी आहे, कोण रुसून बसलंय, हे बसून पाहिलं की खरा आकडा कळतो. मग प्रत्येक घराला एकच गोष्ट विचारायची: तुम्ही काय करू शकता? शिक्षिका संडे स्कूल घेऊ शकते. बँकेतून निवृत्त झालेले काका वह्या तपासू शकतात. कॉलेजमधली मुलगी चर्चचं इन्स्टाग्राम सांभाळू शकते.

महिला मंडळ, तरुण संघ, संडे स्कूल आणि घरोघरच्या प्रार्थना सभा ही मराठी मंडळीच्या सहभागाची नेहमीची दारं. यातली एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. बऱ्याच ठिकाणी घरभेटी, आजाऱ्यांची विचारपूस, सणांचा स्वयंपाक यांचा मोठा भार बायका उचलतात. समितीत मात्र त्यांची संख्या किती, हे मोजलं जात नाही. 'सहभाग वाढवू' हे ध्येय खरं असेल तर काम आणि मत या दोन्हींची वाटणी तपासावी लागते.

आउटरीच म्हणजे धर्मांतर का?

आउटरीच या शब्दाखाली तीन वेगळी कामं येतात. पहिलं, सेवा: शिकवणी, आरोग्य तपासणी, संकटात मदत. दुसरं, ओळख आणि संवाद: नाताळला शेजाऱ्यांना बोलावणं, शांतता समितीच्या बैठकीला जाणं. तिसरं, सुवार्ता सांगणं, म्हणजे आपला धर्मविचार लोकांसमोर मांडणं.

राज्यघटनेच्या कलम २५ नुसार प्रत्येकाला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादा त्याला आहेत. १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'प्रसार' या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला: आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगता येतात, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही. या खटल्यात ज्या कायद्यांना आव्हान दिलं होतं, त्यातला एक होता मध्य प्रदेशचा १९६८चा कायदा. त्यात 'आमिष' म्हणजे रोख किंवा वस्तूच्या रूपातली भेट, किंवा इतर भौतिक लाभ, असं म्हटलं होतं.

नियोजनाच्या टेबलावर याचा अर्थ असा की वरची तीन कामं एकमेकांत मिसळायची नाहीत. शिकवणी घेतली तर ती सगळ्या मुलांसाठी, आणि प्रार्थनेला बसायची अट न घालता. औषध दिलं तर ते रुग्ण म्हणून. मदतीला अट चिकटली की तिचं नातं बदलतं, आणि कायद्याचा प्रश्नही तिथेच सुरू होतो.

वर्ध्यात हा वाद जुना आहे

१९३५ मध्ये येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं. त्यानंतर दलित समाज कोणता धर्म स्वीकारणार यावर देशभर चर्चा सुरू झाली. अनेक धर्मांच्या संस्थांना त्यात संधी दिसू लागली. १९३६च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेचे अध्यक्ष जॉन मॉट गांधीजींना भेटायला सेगावला आले. सेगाव म्हणजेच आजचं सेवाग्राम. मॉट यांना पुढे १९४६ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. गांधीजींनी त्यांच्यापाशी तक्रार मांडली ती दलितांना आपल्याकडे ओढण्याच्या या स्पर्धेबद्दल. सेवेला त्यांचा विरोध नव्हता. सेवेमागे धर्मांतराचा हेतू असण्याला होता.

त्याच काळात वर्ध्याच्या मगनवाडीत एक ख्रिस्ती माणूस वेगळंच काम करत होता. जे. सी. कुमारप्पा हे तंजावरचे, शिक्षणाने हिशेबतज्ज्ञ. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा कारभार त्यांनी वर्ध्यातून पाहिला. तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन, गूळ हे त्यांचे विषय. स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगात असताना त्यांनी लिहिलेली दोन पुस्तकं १९४५ मध्ये आली. एक टिकाऊ अर्थव्यवस्थेवर होतं आणि दुसरं येशूच्या शिकवणुकीवर. श्रद्धा आणि ग्रामोद्योग त्यांच्यासाठी वेगळे कप्पे नव्हते. आज आपण ज्याला आउटरीच म्हणतो, त्याचं वर्ध्यातलं हे सगळ्यात ठळक उदाहरण म्हणता येईल. त्याचं यश नव्या सभासदांच्या संख्येत मोजलं गेलं नाही.

पुढे १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. तेव्हा नागपूर राजधानी होती आणि वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता. समितीचे अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. समितीतले ख्रिस्ती सदस्य एस. के. जॉर्ज हे वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयातले प्राध्यापक आणि गांधीविचाराचे अभ्यासक होते. १९५६च्या अहवालात आमिष, फसवणूक किंवा दबावाने होणाऱ्या धर्मांतरावर कायदेशीर बंदीची शिफारस होती. ख्रिस्ती संघटनांनी अहवाल एकतर्फी असल्याची टीका केली. दोन्ही बाजूंचे मुद्दे आजच्या वादांतही जवळपास तसेच ऐकू येतात.

या पार्श्वभूमीवर वर्ध्यातली मंडळी कागदावर नुसतं 'आउटरीच वाढवणे' असं लिहिते, तेव्हा वाचणारा त्यात आपल्याला हवा तो अर्थ भरतो.

मग आराखडा कसा लिहायचा?

समजा, ५०-६० कुटुंबांची एक मंडळी आहे. तिच्या वर्षाचा आराखडा असा दिसू शकतो. हे फक्त उदाहरण आहे.

• ध्येयं तीनच. दहा ध्येयांची यादी नाताळपर्यंत कुणालाच आठवत नाही.

• प्रत्येक ध्येय मोजता येईल असं. 'तरुणांना प्रोत्साहन' ऐवजी 'समितीत ३० वर्षांखालचे दोन सदस्य'. 'गरजूंना मदत' ऐवजी 'दहावीच्या मुलांसाठी आठवड्यातून तीन दिवस गणित-इंग्रजीची शिकवणी, सर्वांना खुली'.

• प्रत्येक ध्येयाला एक माणूस. 'सगळ्यांनी बघायचं' म्हणजे कुणीच बघणार नाही.

• वेळापत्रक गावाचं. जूनमध्ये पेरणी आणि शाळा एकदमच सुरू होतात. दिवाळीच्या आसपास सोयाबीन निघतं आणि कापूस वेचणी सुरू होते. हिंगणघाट किंवा समुद्रपूरकडच्या शेतकरी कुटुंबांना तेव्हा बैठकीला बोलावून उपयोग नसतो. मे महिन्यात वर्ध्याचं ऊन ४५ अंशांच्या घरात जातं, म्हणून मुलांचं सुट्टीतलं शिबिर सकाळी दहाच्या आत संपलेलं बरं.

• आधी कोण काय करतंय ते पाहणं. वर्ध्यात सेवेची परंपरा जुनी आहे. दत्तपूरचं कुष्ठरोग्यांसाठीचं काम १९३६ पासूनचं, आणि सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. नवा दवाखाना काढण्यापेक्षा रुग्णाच्या नातेवाइकाला जेवणाचा डबा पोहोचवणं जास्त उपयोगी ठरू शकतं.

• तीन महिन्यांनी आढावा. काय झालं, काय राहिलं, आणि ते का राहिलं.

पैसा कुठून येतो?

रविवारचं दान, काही सभासद देतात तो दशांश, आणि पिकाच्या सणाला आणलेलं धान्य-भाजी. ही लिलावात विकून पैसे मंडळीच्या कामाला जातात. लहान मंडळीचा खर्च मुख्यतः यावर चालतो.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात देवस्थानांप्रमाणे चर्चचाही समावेश आहे. म्हणून हिशेब, ताळेबंद, आणि विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला बदल अहवाल देणं, हे सगळं आलंच. परदेशातून देणगी घ्यायची तर एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२०च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच यावी लागते, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. सभासदांनी स्वतः उचललेला खर्च छोटा असतो, पण तो समजावून सांगायला सोपा असतो.

भाषा आपली, पद्धतही आपली

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी शंभरेक वर्षांपूर्वी अभंग, भजन आणि कीर्तनातून ख्रिस्ती विचार मांडला. १९१७ मध्ये साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही लोक येऊ शकत होते. सभासद कोण आणि पाहुणा कोण, ही भिंत त्यांनी मुद्दामच सैल ठेवली होती.

वर्ध्याच्या मंडळीला लगेच टिळक किंवा कुमारप्पा व्हायची गरज नाही. पण वार्षिक सभेत आराखडा वाचला जाईल, त्या दिवशी शेजारच्या बौद्ध, हिंदू आणि मुस्लिम घरांतून एकेकाला चहाला बोलावून तोच कागद पुन्हा वाचून पाहता येईल. एखादं वाक्य वाचताना आवाज खाली आला, तर ते वाक्य सुधारायचं. सगळा कागद सहज वाचता आला, तर समोरच्यांपैकी कुणी म्हणेलही, 'दहावीच्या शिकवणीला माझी मुलगी इंग्रजी शिकवायला येऊ शकते.'