पुडकें केवढें असावें?

लातूरच्या मोंढ्यांत भरलेलें पोतें रेल्वेनें मुंबईच्या बाजारांत पोंचावयाचें तर एके काळीं त्यास वाटेंत एकदां तरी जमिनीवर उतरावें लागे. तें ठिकाण कुर्डुवाडी. १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली. तिच्या रुळांतील अंतर अडीच फूट. आणि कुर्डुवाडीस मिळणारा जी. आय. पी. रेल्वेचा मोठा रस्ता साडेपांच फुटांचा. छोट्या गाडीची वाघीण मोठ्या रुळांवर चालणें शक्य नव्हतें, मोठीला छोट्या रुळांवर उतरतां येत नव्हतें. म्हणून हमालांनीं पोतें एका वाघिणींतून काढावें, फलाटावर ठेवावें आणि पुन्हा दुसरींत रचावें, असा क्रम. नांदेडची स्थिति फारशी बरी नव्हती. निजामाच्या राज्यांतून मनमाडास जाणारा गोदावरीच्या खोऱ्यांतील रस्ता मीटर गेजचा. तेथील माल मनमाडास उतरे. मराठवाड्यांतील या दोन गांवांच्या वाट्यास दोन निरनिराळीं मापें आलीं, आणि मुंबईचें माप तिसरेंच!

हीं मापें ठरविणारे लोक अविचारी होते असें मात्र कोणी समजूं नये. बार्शीच्या रेल्वेचे जनक एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हे मोठे हिशेबी इंजिनियर होते. जेथें मालाची ये-जा बेताची, तेथें मोठा रस्ता घातला तर घातलेल्या भांडवलाचें व्याजहि सुटणार नाहीं, हें त्यांनीं ओळखलें. इंजिन असो वा वाघीण असो, कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार पडावयाचा नाहीं असा त्यांनीं नियम घालून घेतला. त्यामुळें हलक्या रुळांवरूनहि भरपूर माल नेतां येऊं लागला. आपल्या रस्त्यापुरतें त्यांचें उत्तर चोख होतें. अडचण उत्पन्न झाली ती एक रस्ता दुसऱ्यास मिळतो त्या ठिकाणीं. आणि तिचा भार पडला तो कुर्डुवाडीच्या हमालाच्या पाठीवर व मालाच्या भाड्यावर.

इतिहासाच्या प्राध्यापकानें रेल्वेविषयीं लिहावें यांत नवल नाहीं. परंतु मला आज सांगावयाचें आहे तें एका निराळ्याच वाहतुकीविषयीं. संगणकांच्या जाळ्यांतून जी माहिती जाते ती सलग जात नसून लहान लहान पुडक्यांत बांधून जाते, हें पुष्कळांनीं ऐकलें असेल. तें पुडकें केवढें असावें, हा प्रश्न गेलीं साठ वर्षें विद्वानांपुढें आहे, आणि त्याचा इतिहास पाहतां मला पुनःपुन्हा कुर्डुवाडीचा तो फलाट आठवतो.

या कल्पनेचे जनक दोन. अमेरिकेंत रँड या संस्थेंतील पॉल बॅरन यांस अणुयुद्धांतहि तुटणार नाहीं असें दळणवळणाचें जाळें हवें होतें. त्यांचे निबंध १९६४ सालीं प्रसिद्ध झाले. इंग्लंडांत टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंतील डोनाल्ड डेव्हिस यांस, एक मोठा संगणक अनेक माणसांनीं दुरून एकाच वेळीं कसा वापरावा, ही विवंचना होती. १९६५ च्या अखेरीस तेहि त्याच उत्तरावर येऊन पोंचले. दोघांस एकमेकांची वार्ता नव्हती. तरीहि दोघांनीं निवडलेलें माप एकच निघालें, १,०२४ बिट, म्हणजे १२८ बाइट. बाइट म्हणजे रोमन लिपींतील एका अक्षराची जागा. तेव्हां हें पुडकें छापील पानाच्या सुमारें दोन ओळींचें झालें. डेव्हिस यांनीं त्यास ‘पॅकेट’ हें नांव दिलें, तेंहि एका भाषातज्ज्ञास विचारून, कारण इतर भाषांत सहज उतरेल असा शब्द त्यांस हवा होता. आमच्या भाषेंत ‘पुडकें’ हा शब्द हजरच आहे, हें त्यांस कोणी कळविलें असतें तर त्यांस समाधान वाटलें असतें! १९६९ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंत आर्पानेट हें जाळें सुरू झालें, त्यांतील पुडकेंहि सुमारें हजार बिटांचेंच होतें. त्याच्या तारा सेकंदास पन्नास हजार बिट नेत; म्हणजे एका पुडक्यास एका तारेवरून जावयास सेकंदाचा पन्नासावा भाग लागे.

आतां, मुळांत पुडकीं कां बांधावीं? थोडा हिशेब केल्याशिवाय हें कळणार नाहीं. वाचकांनीं कंटाळूं नये. जाळ्यांतील प्रत्येक स्टेशनाची रीत अशी असते कीं पुडकें पूर्ण हातीं आल्याशिवाय तें पुढें पाठवावयाचें नाहीं. शिवाय प्रत्येक पुडक्यावर कोठून, कोठें व कितवें हा मजकूर लिहावा लागतो. आजच्या रूढ पद्धतींत त्यास बहुधा ४० बाइट लागतात. समजा, १६,००० बाइटांचा एक लेख पाठवावयाचा आहे, वाटेंत चार स्टेशनें आहेत, म्हणजे तारा पांच, आणि प्रत्येक तार सेकंदास ९,६०० बिट, अर्थात् १,२०० बाइट नेते. मुंबईच्या एन. सी. एस. टी. या संस्थेनें १९८९ सालीं अमेरिकेशीं जाळें जोडलें त्या काळीं असा वेग कांहीं हलका मानला जात नसे. लेख एकसंध पाठविला तर प्रत्येक स्टेशन तो पुरा येईपर्यंत स्वस्थ बसून राहील, आणि लेख पोंचावयास ६७ सेकंद लागतील. त्याचे ४० बाइटांचे बारीक तुकडे केले तर स्टेशनें रिकामीं बसणार नाहींत हें खरें, पण जेवढा माल तेवढाच पत्ता, २७ सेकंद. पुडकें १,६०० बाइटांचें केलें तर १९ सेकंद, आणि ४०० बाइटांचें केलें तर १६. यापेक्षां चांगलें उत्तर नाहीं. लेखाची लांबी आणि पत्त्याची लांबी यांचा गुणाकार करावा, त्यास मधल्या स्टेशनांच्या संख्येनें भागावें आणि वर्गमूळ काढावें. योग्य माप हातीं येतें.

सूत्र मोठें सुंदर आहे. व्यवहारांत मात्र तें क्वचितच जसेंच्या तसें उपयोगी पडतें. लेख किती लांब असेल आणि वाटेंत स्टेशनें किती लागतील, हें पाठविणाऱ्यास आधीं कळलेलें नसतें. तार खराब असेल, अधूनमधून एखादा बिट नासत असेल, तर पुडकें लहान हवें, कारण एक बिट बिघडला तरी सबंध पुडकें पुन्हा पाठवावें लागतें. तार निर्मळ असेल तर मोठें पुडकें चालतें. बोलणें पाठवावयाचें तर लहान बरें, ग्रंथ पाठवावयाचा तर मोठें बरें. जॉन नेगल या अमेरिकन संशोधकानें १९८४ सालीं दाखवून दिलें कीं, दूरच्या संगणकावर टंकन करणाऱ्याचें एक एक अक्षर स्वतंत्र पुडक्यांत घालून पाठविलें जातें, म्हणजे एका बाइटाच्या मालास चाळीस बाइटांचा पत्ता! एक लवंग पाठविण्यासाठीं सबंध वाघीण जोडण्यासारखेंच हें झालें. तीं अक्षरें थोडा वेळ थोपवून एकत्र बांधण्याची युक्ति त्यानेंच सुचविली आणि ती अजून चालू आहे.

मग आज जें माप सर्वत्र चालतें तें कोणी ठरविलें? डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनीं १९८० सालीं ईथरनेट या पद्धतीचे नियम प्रसिद्ध केले; त्यांत एका पुडक्यांतील मालाची कमाल मर्यादा १,५०० बाइट लिहिली आहे. हा आंकडा कोणत्याहि वर्गमुळांतून निघालेला नाहीं. त्या वेळीं संगणकाची स्मरणशक्ति महाग होती, त्यामुळें फार मोठें पुडकें सांठवून ठेवणें परवडत नसे. आणि एका तारेवर अनेक संगणक असल्यामुळें एकानेंच ती फार वेळ अडवून ठेवणें इष्ट नव्हतें. सेकंदास एक कोटि बिटांच्या त्या तारेवर १,५०० बाइटांस सव्वा सहस्रांश सेकंदाहून किंचित् कमी वेळ लागतो. तेवढें ठीक, असें ठरलें. आज साध्या कचेरींतील तार त्याच्या शंभरपट वेगानें चालते, स्मरणशक्ति मातीमोल झाली आहे, पण आंकडा १,५००च! मोठमोठ्या संगणकगृहांत आपल्या भिंतींच्या आंत नऊ हजार बाइटांचीं पुडकीं नेतात. दाराबाहेर पडतांच तीं १,५०० वर येतात. पलीकडच्याचें माप काय असेल याची खात्री नसल्यावर दुसरें काय करणार?

जिनिव्हांत झालें तें तर याहूनहि गमतीचें आहे. १९८८-८९ च्या सुमारास जगांतील टेलिफोन खात्यांचे प्रतिनिधि बोलणें, चित्रें व माहिती या सर्वांस मिळून एकच माप ठरवावयास बसले होते. युरोपचें म्हणणें ३२ बाइट, अमेरिकेचें ६४. युरोपीयांत, विशेषतः फ्रेंचांच्या म्हणण्यांत, अर्थ होता. टेलिफोनचें बोलणें सेकंदास ६४,००० बिटांनीं येतें. त्यानें ३२ बाइटांचें पुडकें चार सहस्रांश सेकंदांत भरतें. एवढ्या अल्प विलंबानें आपल्याच बोलण्याचा प्रतिध्वनि कानांवर येऊन त्रास होत नाहीं, आणि लहान देशास प्रतिध्वनि मारणारीं यंत्रें बसवावीं लागत नाहींत. अमेरिकेचा विस्तारच एवढा कीं तेथें तीं यंत्रें आधींच बसविलेलीं होतीं; तेव्हां पत्त्याचा खर्च वांचविण्यासाठीं त्यांस मोठें पुडकें हवें होतें. अखेर ३२ आणि ६४ यांच्या बरोबर मध्यावर ४८ हा आंकडा घेण्यांत आला. त्यावर पत्त्याचे पांच मिळून ५३. बाजारांत दोघां अडत्यांनीं भाव पाडावा तसा हा आंकडा पडला, आणि तो कोणाच्याच सोयीचा झाला नाहीं. पुढें टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून घरोघर ब्रॉडबँड आलें, तेव्हां त्याच्या पोटांत हीच ५३ बाइटांची पद्धत होती. ईथरनेटच्या १,५०० बाइटांच्या पुडक्याचे त्यांत ३२ तुकडे होत आणि तारेवरून सुमारें १,७०० बाइट वाहत. नांदेडच्या गल्लींतील मनुष्य जिनिव्हाच्या त्या तडजोडीचें भाडें नकळत भरीत होता.

मोठें पुडकें अरुंद तारेशीं आलें कीं त्याचे तुकडे करावयाचे, ही सोय जाळ्याच्या १९८१ च्या नियमांत होती. हीच ती कुर्डुवाडी. परंतु तुकड्यांपैकीं एक जरी हरवला तरी सारें पुडकें पुन्हा पाठवावें लागतें. आणि मधल्या स्टेशनाचा कामाचा वेळ या फोडाफोडींत जातो. केंट आणि मोगल या दोघांनीं १९८७ सालीं या पद्धतीवर कडक टीका केली. १९९० सालीं मोगल व डिअरिंग यांनीं दुसरी रीत सांगितली: पुडक्यावर ‘फोडूं नये’ अशी खूण करून तें पाठवावें, जें स्टेशन अरुंद असेल त्यानें तें टाकून द्यावें आणि ‘माझ्याकडे एवढेंच मावतें’ असा उलट निरोप धाडावा, मग पाठविणाऱ्यानें पुढचीं पुडकीं त्या बेतानें बांधावीं. जाळ्याच्या नव्या पद्धतीनें, जी १९९८ मध्यें पक्की झाली, वाटेंतील फोडाफोड पार बंदच केली आणि १,२८० बाइट प्रत्येक वाटेनें नेलेच पाहिजेत असा दंडक घातला.

रेल्वेनें हा प्रश्न शेवटीं रूळ उखडून सोडविला. नांदेडचा रस्ता विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत रुंद झाला. लातूर ते कुर्डुवाडी २००७-०८ मध्यें आणि पंढरपूर ते मिरज त्यानंतर थोड्याच वर्षांत. त्याचा अर्थ काय हें लातूरकरांस २०१६ च्या एप्रिलांत कळलें. त्या दुष्काळांत दहा वाघिणींत सुमारें पांच लाख लिटर पाणी भरून मिरजेहून पहिली गाडी निघाली, आणि जुन्या बार्शी रेल्वेच्याच वाटेनें, कोठेंहि न उतरतां लातुरास आली. पुढें पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. पोतें हमालाच्या पाठीवरून नेतां येतें. एवढें पाणी कुर्डुवाडीच्या फलाटावर कोण उतरविणार होतें?

जाळ्याचे रूळ मात्र असे एका हातानें उखडतां येत नाहींत, कारण त्याचा एक मालक नाहीं. तेथें सारा भरंवसा त्या उलट निरोपावर. आणि निरोपच पोंचला नाहीं तर? ही शंका मला पुस्तकांतून सुचलेली नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं नांदेडच्या आमच्या कॉलेजांत एके दिवशीं संध्याकाळपर्यंत परीक्षेचीं हॉल तिकिटें निघेनात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पेपर. संबंधित संकेतस्थळाचें पहिलें पान उघडे, नांव व परवलीचा शब्द स्वीकारला जाई. पण तिकिटांची यादी मागितली कीं पडदा पांढरा तो पांढराच. कचेरींतील मंडळी म्हणत, गर्दी झाली असेल, थोडें थांबूं. मुखेड-भोकरकडील मुलें-मुली व्हरांड्यांत बसून होत्या. त्यांची शेवटची एस. टी. निघून गेली. दोन मुलींस आमच्या एका सहकारी बाईंनीं आपल्या घरीं नेलें.

रात्रीं नऊच्या सुमारास प्रयोगशाळेंतील एक तरुण मदतनीस आला. त्यानें मापाचीं पुडकीं पाठवून पाहिलीं आणि हंसून म्हणाला, “सर, लहान जातंय, मोठं अडकतंय.” आमची तार टेलिफोनवरून येणारी, तिच्या रीतीप्रमाणें प्रत्येक पुडक्यांतील आठ बाइट तिच्याच कामांत जात, आणि मालास १,५०० ऐवजीं १,४९२ बाइट उरत. तिकडून १,५०० चीं पुडकीं निघत होतीं, अलीकडचें स्टेशन तीं टाकून देऊन उलट निरोप धाडीत होतें, आणि तिकडचा द्वारपाल, चोराचिलटांच्या भयानें, अनोळखी निरोप दारांतच अडवीत होता. पहिलें पान लहान म्हणून सुखरूप येई. यादी मोठी म्हणून कधींच येत नसे. चूक अशी कोणाचीच नव्हती. रोमन लिपींतील आठ अक्षरांपुरती जागा कमी पडली, आणि दीडशें मुलांची परीक्षा टांगणीस लागली. त्या मुलानें आमच्या संगणकांतील १,५०० हा आंकडा पुसून तेथें १,४०० लिहिला, म्हणजे पलीकडच्यानेंहि त्या बेतानेंच पुडकीं बांधावीं. पांच मिनिटांत छापण्याचें यंत्र खडखडूं लागलें.

नेमके १,४०० कां, असें मीं त्यास विचारलें. वर्गमुळाचा हिशेब माझ्या मनांत होता. तो म्हणाला, “थोडं सुटं धरलं, सर.”

तो आंकडा कागदाच्या चिठ्ठीवर लिहून टेबलास चिकटविलेला आहे. त्यानंतर आमच्याकडे कांचेच्या तंतूची तार आली, संगणकहि नवा आला. चिठ्ठी तेथेंच आहे, आणि नव्या संगणकांतहि १,४०० च घातलेले आहेत. मागें एकदां मीं कारकुनास म्हटलें कीं, आतां याची गरज उरलेली नसावी, काढून पाहूं. त्यानें चिठ्ठीवर हात ठेवला. “राहू द्या, सर,” तो म्हणाला, “चाललंय ना?”