घरपट्टी : भाडेकऱ्याची आणि मालकाची

परळी वैजनाथ येथे १९७१ साली औष्णिक वीज केंद्र सुरू झाले आणि नोकरीसाठी बाहेरगावची माणसे तेथे येऊन राहू लागली. आधी भाड्याची खोली, पुढे जमेल तेव्हा स्वतःच्या चार भिंती. वास्तुशांत होते, पाहुणे परततात, आणि मागोमाग नगरपरिषदेचे घरपट्टीचे बिल दारात येते. घरधनी म्हणतो, "भाड्याच्या खोलीत ही कटकट नव्हती!"

मंडळी, हे अर्धेच खरे. घरमालक पट्टीची रक्कम बहुधा भाड्यातच धरतो. म्हणजे पैसा तेव्हाही तुमच्याच खिशातून जात होता. पावती तेवढी दुसऱ्याच्या नावाची होती.

भाडे आणि पट्टी यांचे नाते जुने आहे. हे घर भाड्याने दिले तर वर्षाला काय येईल, हा या कराचा मूळ प्रश्न. समजा, महिना १,००० रुपये भाडे यावे असे घर आहे. वर्षाचे १२,००० झाले. त्यातून दुरुस्तीचे शेकडा १० वजा जाता १०,८०० उरले. पट्टी आकारायची ती या रकमेवर. गुरुजींनी हे गणित वर्गात जरूर घालावे. गंमत अशी की स्वतःच्या घरात राहणारा माणूसही कराच्या वहीत जणू स्वतःचाच भाडेकरू ठरतो!

ही रीत विलायतेची. तेथे १६०१ च्या गरिबांच्या पोषणाच्या कायद्यापासून ती रुळत गेली. कंपनी सरकारने ती १८१० साली काशीत आणली : राहत्या घराच्या वार्षिक भाड्यावर शेकडा ५ आणि दुकानाच्या भाड्यावर शेकडा १०. परळीकरांना काशी काही परकी नाही. दोन्हीकडच्या ज्योतिर्लिंगांच्या देवळांशी अहिल्याबाई होळकरांचे नाव जोडलेले आहे. त्या डिसेंबरात काशीकरांनी दुकाने बंद केली, लोहारांनी भाते थांबवले, आणि हजारो माणसे घरे सोडून शहराबाहेर उघड्यावर जाऊन बसली. पूर्वीच्या बादशहांनीही रयतेच्या राहत्या घरांवर असा हक्क सांगितला नव्हता, असे त्यांनी अर्जात लिहिले. सरकारने आधी दमदाटी केली, पण शेवटी तो कर मागे घ्यावा लागला.

पुढे नगरपालिका आल्या आणि त्यांच्याबरोबर घरपट्टीही परत आली. या खेपेला ती टिकली, कारण पैसा गावच्याच रस्त्याला, दिव्याला, गटाराला लागणार होता. निदान तसे वचन तरी होते.

परळी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. हैदराबाद राज्याने १९५६ साली जिल्हा नगरपालिकांचा कायदा केला आणि त्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात आला. मग एकाच राज्यात मराठवाड्याला एक कायदा, विदर्भाला दुसरा, पश्चिम महाराष्ट्राला तिसरा, असा मामला झाला. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाने तो मिटवला. भाडेमूल्याची वर सांगितलेली रीत याच कायद्यातली. आता घराच्या किमतीवरून कर ठरवण्याची पद्धतही आली आहे. मुंबईत ती २०१० पासून लागू झाली.

आता घर विकत घेणाऱ्यांसाठी. विकणाऱ्याने थकवलेली पट्टी त्याच्याबरोबर गाव सोडून जात नाही, ती घरावरच बसून राहते. तेव्हा सौद्याआधी त्याच्याकडून बाकी नसल्याचा दाखला मागा. खरेदीखत झाले म्हणजे नगरपरिषदेच्या वहीत नाव आपोआप बदलते, असेही समजू नका. त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. आणि नाव लागले, पावती आली, तरी ती मालकीचा पुरावा नव्हे. खेड्यातल्या नमुना आठच्या उताऱ्याचेही तेच. तो कराचा कागद आहे. मालकी सिद्ध करायची तर खरेदीखत हवे. आकारणी जास्त वाटली तर यादी जाहीर होताच मुदतीत लेखी हरकत द्या, आणि अर्जाच्या नकलेवर पोच घ्यायला विसरू नका.