पवनचक्की गावची की शहरची?

वाऱ्यावर कोणाची मालकी नसते, असे आपण सहज म्हणून जातो. विहिरीला धनी असतो, बांधाला असतो, पाटाच्या पाण्यावरून तर सख्ख्या भावांत वैर माजते. वारा मात्र राजवाड्यावरून आणि झोपडीवरून सारखाच वाहतो. पवनचक्क्यांचा इतिहास याच्यापुढे एक पाऊल टाकून सांगतो, की वाऱ्याला मालक नसेल, पण तो जेथे अडवावयाचा त्या जागेला असतो. आणि गेली आठशे वर्षे भांडण चालले आहे ते त्या जागेवरूनच.

ही अजस्र यंत्रे खेड्यापाड्यांच्या माळावर असावीत, की ज्यांना वीज हवी त्या शहरांच्या उशाशी, असा वाद आज जगात अनेक ठिकाणी ऐकू येतो. खेडी म्हणतात, आमचे डोंगर विद्रूप झाले. शहरे म्हणतात, आमच्याकडे वारा कोठे आहे? दोघांचेही म्हणणे वाचकांनी क्षणभर बाजूस ठेवावे आणि माझ्याबरोबर थोडे मागे चलावे.

इंग्लंडातील बरी सेंट एडमंड्स हे मठाच्या आश्रयाने वाढलेले नगर. इ. स. ११९१ च्या सुमारास तेथील हर्बर्ट नावाच्या वृद्ध धर्माधिकाऱ्याने गावाजवळ हॅबरडन येथे, आपल्या हक्काच्या जमिनीवर, एक पवनचक्की उभारली. बातमी कानी पडताच मठाधिपती सॅमसन इतका संतापला की त्याला अन्न गोड लागेना. त्याने ताबडतोब सुतार पाठवून चक्की पाडण्याचा हुकूम दिला. हर्बर्ट विनवणी करीत आला. वाऱ्याचा लाभ कोणासही नाकारता येणार नाही, शिवाय मी फक्त घरचे धान्य दळणार आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. सॅमसन बधला नाही. नगराच्या हद्दीत मठाच्या संमतीवाचून राजासही काही बांधता येत नाही, असे त्याने बजावले. आणि खरे कारणही लपविले नाही. चक्की जवळ असली की नगरवासी तिकडेच धावणार, ते स्वतंत्र नागरिक असल्यामुळे त्यांना दंडही करता येणार नाही, आणि मठाच्या गिरण्या बुडणार! शेवटी, सुतार येण्यापूर्वीच हर्बर्टने मुलाच्या सल्ल्याने आपल्याच नोकरांकडून चक्की उतरवून टाकली. मठातील जोसेलिन नावाच्या साधूने हा सारा प्रसंग आपल्या बखरीत लिहून ठेवला आहे.

या गोष्टीत एक मौज आहे. आज शेजारी पवनचक्की नको म्हणून लोक तक्रार करतात. तेव्हा ती लोकांना जवळ हवी होती, आणि म्हणूनच सत्ताधाऱ्याला नको होती. दळण डोक्यावरून वाहून न्यावे लागे त्या काळी चक्की जितकी जवळ तितकी सोयीची. जागेचा प्रश्न तेव्हाही उत्पन्नाशी बांधलेला होता.

परंतु वाऱ्याचेही स्वतःचे काही कायदे आहेत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याची शक्ती आठपट होते, आणि वेग निम्मा झाला की शक्ती एक अष्टमांश उरते. घरांची दाटी झाली की वारा अडखळतो. हॉलंडातील स्खीडाम शहराने या अडचणीवर उंचीचा उपाय शोधला. तेथील मद्याच्या भट्ट्यांना दळलेले धान्य लागे, म्हणून चक्की शहरातच हवी. पण छपरांच्या वर गेल्याशिवाय वारा मिळेना. तेव्हा तेथील लोकांनी विटांचे मनोरे रचून त्यांवर चक्क्या चढविल्या. १८०३ साली बांधलेली त्यांतील 'दे नोर्ड' ही तेहतीस मीटरांहून उंच आहे. जुन्या धाटणीच्या पवनचक्क्यांत जगात सर्वांत उंच म्हणून तिची ख्याती आहे. शहरात वारा पकडता येतो, पण त्याची किंमत मोजावी लागते, हा स्खीडामचा धडा.

विजेचे युग आले तेव्हा या कथेला नवे वळण लागले. १८८७ साली स्कॉटलंडमधील मेरीकर्क या खेड्यात प्राध्यापक जेम्स ब्लिथ यांनी सुट्टीतील घराच्या बागेत पवनचक्की लावून वीज निर्माण केली. उरलेली वीज गावच्या रस्त्यावरील दिव्यांसाठी देऊ केली, तर हे सैतानाचे काम म्हणून गावकऱ्यांनी नाकारली, असे सांगतात. पुढल्याच वर्षी अमेरिकेत क्लीव्हलंड शहरी चार्ल्स ब्रश या धनिक संशोधकाने आपल्या हवेलीच्या मागील अंगणात सतरा मीटर व्यासाचे, १४४ पात्यांचे चाक उभारले. एक खेड्यात, एक शहरात; पण दोन्ही पवनचक्क्या एकेका घराच्याच.

गावाची पवनचक्की जन्मास आली ती डेन्मार्कात. आस्कोव या खेड्यातील लोकशाळेत पॉल ला कूर नावाचे शिक्षक होते. शहरांत विजेचे दिवे लागत आहेत आणि खेडी अंधारात राहत आहेत, ही गोष्ट त्यांच्या मनास लागली होती. १८९१ साली सरकारी साहाय्याने त्यांनी शाळेजवळ प्रायोगिक पवनचक्की उभारली, पुढे खेड्यांतील तरुणांसाठी वीजकामाचे वर्ग काढले, १९०३ मध्ये संस्था स्थापन केली. १९१८ च्या सुमारास डेन्मार्कात सुमारे १२० स्थानिक वीजकेंद्रे पवनचक्क्यांचा उपयोग करीत होती. तेथे खेड्यातला वारा खेड्याच्याच घरात दिवा लावीत होता. माळावरचे ते फिरते चाक कोणास विद्रूप वाटले असेल, असे मला तरी वाटत नाही.

त्याच देशाने पुढे शहराचेही उत्तर दिले. कोपनहेगनच्या बंदरापासून सुमारे साडेतीन किलोमीटरांवर, मिडेलग्रुंडेन नावाच्या उथळ जागी, २००० साली दोन मेगावॅटच्या वीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या. प्रथम सत्तावीस यंत्रे तीन रांगांत मांडण्याचा बेत होता. नागरिकांच्या हरकती ऐकून तो बदलला आणि एकच डौलदार कमान आखण्यात आली. निम्मी यंत्रे शहराच्या वीजसंस्थेची, आणि निम्मी साडेआठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी मंडळीची. राजधानीच्या किनाऱ्यावरून आपल्या मालकीची पाती फिरताना दिसतात. मग ती डोळ्यांत कशी खुपावीत?

आता आपल्याकडे वळू. सज्जनगडावरून ठोसेघरच्या पुढे गेले की चाळकेवाडीचा सडा लागतो. मी तेथे उभा राहून त्या पात्यांचा घोंघावता आवाज ऐकला आहे. सह्याद्रीचा वारा तेथे माणसाला उभे राहू देत नाही, म्हणून यंत्रे तेथे आली, हे उघडच आहे. पण दुसरेही कारण आहे. १९९० नंतरच्या दशकात यंत्राची किंमत पहिल्याच वर्षी घसाऱ्यात दाखवून प्राप्तिकर वाचविता येत असे. त्यामुळे वाऱ्याशी कधी संबंध न आलेल्या दूरदूरच्या कारखानदारांनीही डोंगरावर पैसा घातला. जमीन सड्यावरची, वारा सड्यावरचा, वीज मात्र तारांच्या जाळ्यातून सर्वत्र आणि लाभ ज्याच्या त्याच्या हिशेबवहीत. याच सड्यावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी केलेले संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झाले. यंत्रांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. त्यामुळे सरडे वाढले आणि निर्धास्त झाले. म्हणजे माळ रिकामा असतो, हे शहरी मनाचे गृहीतही टिकत नाही. तेथेही कोणाचा तरी संसार मांडलेला असतो.

मग पवनचक्की गावची की शहरची? स्थान बहुतांशी वाराच ठरवणार, हे मला मान्य आहे. शहरातल्या गच्च्यांवर पाती लावून एका राज्याची वीज भागणार नाही. पण वाटा कोणाचा, हे वारा ठरवीत नाही. ते माणसे ठरवतात. डेन्मार्कात २००९ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने नव्या पवनचक्कीतील निदान वीस टक्के भाग साडेचार किलोमीटरांच्या आतील रहिवाशांना विकत घेण्याची संधी देणे बंधनकारक केले. २०२० मध्ये ती पद्धत जाऊन शेजाऱ्यांना वार्षिक मोबदला आला. साधन बदलले, तत्त्व राहिले: ज्याच्या दारात सावली, त्याच्या ओटीत काही पडले पाहिजे.

आपल्या सड्यांवरील जुनी यंत्रे पुढेमागे उतरवून त्यांच्या जागी मोठी यंत्रे आणावी लागतील. तेव्हा नवा करार लिहिण्याची वेळ येईल. त्या करारात पठारावरच्या गावांचे नाव भागीदार म्हणून आले पाहिजे, आणि जेथे पक्ष्यांचा वावर दाट आहे ती जागा मोकळी राहिली पाहिजे. आणि ज्या किनाऱ्याच्या शहरांना समुद्रावरचा वारा लाभतो, त्यांनी क्षितिजावर थोडी पाती पाहण्याची तयारी ठेवावी. वाऱ्याचा लाभ कोणास नाकारू नये, ही वृद्ध हर्बर्टची मागणी मठाच्या हद्दीत हरली होती. आपल्या हद्दीत ती हरू नये, एवढे करणे आपल्या हाती आहे.