गुलाबांच्या गांवचा सामना

अमेरिकेच्या ईशान्य भागांतील शहरांत नव्या वर्षाचा पहिला दिवस बहुधा बर्फाखालीं दडलेला असतो. त्याच दिवशीं दूर पश्चिमेस कॅलिफोर्नियांत, लॉस एंजेलिसच्या शेजारच्या पॅसाडीना गांवीं, बागांतून गुलाब फुललेले असतात आणि संत्र्यांच्या झाडांवर फळें लोंबत असतात. निसर्गाच्या या विषमतेंतूनच एका खेळाच्या इतिहासाला आरंभ झाला. पूर्वेकडून येऊन येथें स्थायिक झालेल्या सुखवस्तु मंडळींचा व्हॅली हंट क्लब नांवाचा एक क्लब होता. आपल्या गांवची हवा किती सुखद आहे हें थंडीनें गारठलेल्या देशबांधवांना कळावें, या हेतूनें चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांच्या सूचनेवरून या क्लबानें १ जानेवारी १८९० रोजीं पहिला गुलाबोत्सव भरविला. फुलांनीं सजविलेल्या घोडागाड्यांची मिरवणूक निघाली आणि नंतर धांवण्याच्या शर्यती, रस्सीखेच वगैरे खेळ झाले. ही गांवाची जाहिरातच होती. पण ती इतकी देखणी होती, कीं पाहणाऱ्यांना तिच्यांतील व्यवहार खुपला नाहीं.

या उत्सवाचा एक जुना नियम मोठा मौजेचा आहे. १ जानेवारीस रविवार आला, तर उत्सव सोमवारीं करावयाचा. चर्चबाहेर बांधलेले घोडे मिरवणुकीच्या गलबल्यानें बुजतील आणि प्रार्थनेंत व्यत्यय येईल, या भीतीनें १८९३ सालीं हा नियम ठरला. चर्चपुढचे घोडे केव्हांच गेले. नियम मात्र अद्याप पाळला जातो.

उत्सवाचा खर्च भागावा आणि गर्दी वाढावी म्हणून १९०२ सालीं चालकांनीं फुटबॉलचा सामना ठेवला. हा फुटबॉल भारतांत खेळतात तो नव्हे. अकरा-अकरा गड्यांचे दोन संघ, अंडाकृति चेंडू आणि सुमारें शंभर यार्ड लांबीचें मैदान. चेंडू हातीं घेऊन प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपलीकडे न्यावयाचा, आणि धांवणाऱ्याला प्रतिपक्षानें मिठी घालून खालीं लोळवावयाचें, असा हा अंगमेहनतीचा खेळ आहे. पूर्वेकडून मिशिगन विद्यापीठाचा संघ आला. फील्डिंग योस्ट हे त्याचे शिक्षक. त्यांच्या संघाविरुद्ध त्या हंगामांत कोणालाहि एकसुद्धां गुण मिळालेला नव्हता. पश्चिमेच्या वतीनें स्टॅनफर्डचा संघ उभा राहिला. सामना संपण्यास आठ मिनिटें उरलीं असतां मिशिगनचे ४९ गुण झाले होते आणि स्टॅनफर्डचें खातें रिकामेंच होतें. तेव्हां स्टॅनफर्डच्या कर्णधारानें खेळ थांबविण्याची विनंति केली व ती मान्य झाली. यजमानांच्या अंगणांत यजमानांचीच अशी फजिती झाल्यावर चालकांचा उत्साह मावळला. पुढील वर्षीं फुटबॉलच्या जागीं पोलो आला, आणि १९०४ पासून प्राचीन रोमन थाटाच्या रथांच्या शर्यती सुरू झाल्या.

त्या काळीं फुटबॉलची प्रतिष्ठाहि डळमळली होती. खेळ इतका राकट झाला होता, कीं १९०५ च्या हंगामांत अनेक तरुण प्राणांस मुकले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून सुधारणेचा आग्रह धरला, आणि १९०६ सालीं चेंडू पुढें फेंकण्यास परवानगी मिळाली. नुसत्या रेटारेटीच्या जागीं वेग व कौशल्य यांना वाव मिळाला. १९१६ सालीं रथ जाऊन फुटबॉल पुन्हां पॅसाडीनास आला, तो कायमचा. त्या सामन्यांत वॉशिंग्टन स्टेटनें ब्राउन विद्यापीठाचा १४–० असा पराभव केला. ब्राउनच्या संघांत फ्रिट्झ पोलार्ड हा नीग्रो तरुण होता. या सामन्यांत खेळणारा त्याच्या वंशाचा तो पहिला खेळाडू.

प्रेक्षक वाढले, तसें जुनें मैदान अपुरें पडूं लागलें. ॲरॉयो सेको नांवाच्या कोरड्या घळींत शिल्पज्ञ मायरन हंट यांनीं येल विद्यापीठाच्या क्रीडागाराच्या धर्तीवर नवें क्रीडागार उभारलें. त्याचा आकार मोठ्या कटोऱ्यासारखा असावा अशी कल्पना होती. आरंभीं एक बाजू उघडी होती, ती १९२८ सालीं बांधून काढल्यावर कटोरा पुरा झाला. इंग्रजींत कटोऱ्याला 'बोल' म्हणतात. म्हणून या वास्तूला 'रोझ बोल' हें नांव पडलें. १ जानेवारी १९२३ पासून हा सामना येथें होऊं लागला आणि वास्तूचें नांव सामन्यालाहि चिकटलें. १९३५ सालीं मायामींत 'ऑरेंज बोल' व न्यू ऑर्लिन्समध्यें 'शुगर बोल', १९३७ सालीं डॅलसमध्यें 'कॉटन बोल' असे सामने सुरू झाले. ज्या गांवीं जें पिकतें वा विकतें, त्याचें नांव सामन्याला! आज अशा सामन्यांची संख्या चाळिसाच्या वर गेली आहे. या प्रसाराला रेडिओचेंहि साह्य झालें. १९२७ सालचा अलाबामा व स्टॅनफर्ड यांचा ७–७ असा बरोबरींत सुटलेला सामना अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ध्वनिक्षेपित झाला. बर्फांत कोंडलेलीं कुटुंबें शेकोटीशीं बसून गुलाबांच्या गांवचा जल्लोष ऐकूं लागलीं.

पण या सामन्याला लोकांच्या मनांत जें स्थान मिळालें, तें केवळ विजयांमुळें नव्हे. १९२९ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठ व जॉर्जिया टेक यांची गांठ पडली. दुसऱ्या डावांत प्रतिपक्षाच्या हातून निसटलेला चेंडू कॅलिफोर्नियाच्या रॉय रीगल्सनें उचलला. झटापटींत त्याची दिशा फिरली, आणि तो स्वतःच्याच अंतिम रेषेकडे जिवाच्या आकांतानें धांवत सुटला. हजारों कंठांतून उठलेली आरोळी त्याला शाबासकी वाटली. साठाहून अधिक यार्ड तो असा धांवला. बेनी लॉम हा त्याचा सोबती ओरडत पाठीमागें पळत होता. त्यानें अखेर त्याला रेषेच्या तोंडाशीं गांठलें. लगेच पुढच्या खेळींत कॅलिफोर्नियानें दूर लाथाडूं पाहिलेला चेंडू अडविला गेला आणि जॉर्जिया टेकला २ गुण मिळाले. सामन्याचा निकाल लागला ८–७. म्हणजे त्या २ गुणांनींच पारडें फिरलें.

मध्यंतरांत रीगल्स तोंड झांकून बसला होता. पुन्हां मैदानांत जाण्याची त्याची इच्छा नव्हती. शिक्षक निब्स प्राइस यांनीं त्याला दोष दिला नाहीं. खेळ अजून अर्धाच झाला आहे, असें सांगून त्याला उठविलें. रीगल्स उठला, उत्तरार्धांत हिरीरीनें खेळला, आणि प्रतिपक्षानें लाथाडलेला एक चेंडूहि त्यानें अडविला. पुढील हंगामांत तोच संघाचा कर्णधार होता. 'उलट्या दिशेचा रीगल्स' हें नांव त्याला जन्मभर चिकटलें. पण त्याच्या सोबत्यांनीं त्याला टाकलें नाहीं, हें त्या नांवामागचें खरें वृत्त होय.

तेरा वर्षांनीं याच सामन्याच्या इतिहासांत याच्या उलट प्रसंग आला. ७ डिसेंबर १९४१ रोजीं जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला. पश्चिम किनाऱ्यावर मोठी गर्दी जमविणें धोक्याचें, असें सेनाधिकाऱ्यांनीं ठरविलें. मिरवणूक रद्द झाली; सामना मात्र हजारों मैल दूर, नॉर्थ कॅरोलायनांतील डरम येथें, ड्यूक विद्यापीठाच्या मैदानावर नेण्यांत आला. ऑरेगन स्टेटचा संघ आगगाडीनें खंड ओलांडून तेथें गेला. त्या संघांत जॅक योशिहारा नांवाचा तरुण होता. जन्म जपानांत, पण बालपणापासून वाढला अमेरिकेंत. जपानी वंशाच्या लोकांवर घातलेल्या प्रवासबंदीमुळें त्याला संघाबरोबर जातां येणार नाहीं, असें सरकारी अधिकाऱ्यांनीं सांगितलें. सोबती गेले, तो मागें राहिला. पावसांत झालेल्या त्या सामन्यांत ऑरेगन स्टेटनें बलाढ्य ड्यूकवर २०–१६ असा विजय मिळविला. थोड्याच महिन्यांत योशिहाराची रवानगी बंदिवासांत झाली, आणि आयडाहो प्रांतांतील मिनिडोका छावणींत त्याला राहावें लागलें. अशा छावण्यांत कोंडलेल्या जपानी वंशाच्या लोकांची संख्या सुमारें १,२०,००० होती. त्यांतील बहुसंख्य जन्मानें अमेरिकन नागरिक होते.

१९४३ सालीं सामना पॅसाडीनास परतला. १९४७ पासून मध्य-पश्चिमेंतील व पॅसिफिक किनाऱ्यावरील विद्यापीठसंघांच्या विजेत्यांची लढत तेथें करारानें होऊं लागली, आणि तो पूर्व-पश्चिमेचा वार्षिक हिशेबच बनला. पुढें राष्ट्रीय विजेता ठरविण्याच्या नव्या योजना आल्या व हा करार सैल होत गेला. २०२१ सालीं महामारीमुळें सामना पुन्हां एकदां गांव सोडून टेक्सासमधील आर्लिंग्टन येथें झाला. २०२४ सालीं पॅसिफिक किनाऱ्यावरील संघटना मोडकळीस आली. आणि १ जानेवारी २०२५ रोजीं ओहायो स्टेटनें ऑरेगनला ४१–२१ असें हरविलें, तेव्हां हे दोन्ही संघ एकाच संघटनेचे सभासद होते. पूर्व-पश्चिमेची जुनी सीमा अशा रीतीनें पुसली गेली.

२००८ सालीं ऑरेगन स्टेट विद्यापीठानें युद्धकाळांत शिक्षण तुटलेल्या आपल्या जपानी वंशाच्या विद्यार्थ्यांना सन्मान्य पदव्या दिल्या. त्यांत वृद्ध योशिहाराचाहि समावेश होता. सहासष्ट वर्षांनंतरची पदवी म्हणजे गमावलेला सामना नव्हे. रीगल्सची चूक हजारोंनीं पाहिली होती, तरी त्याला अर्ध्या घटकेंत पुन्हां मैदानांत बोलावण्यांत आलें. योशिहाराच्या हातून कोणतीहि चूक झाली नव्हती, तरी त्याला बोलावणें यावयास एक आयुष्य लागलें. गुलाबांच्या गांवच्या या सामन्याचे गुण पुस्तकांतून सांपडतात. पण मैदानांत कोणाला येऊं दिलें आणि कोणाला बाहेर ठेवलें, हा हिशेब त्यांहून मोठा आहे.